फोमचा नाकतोडा हुकवर फिरतो? धागा आणखी आवळू नका

हुकवर फोम बांधून नाकतोड्यासारखी फ्लाय, म्हणजे माशाला फसवायचा खोटा किडा, करणाऱ्यांची एक तक्रार दर हंगामाला ठरलेली. व्हाइसमध्ये, म्हणजे बांधताना हुक धरणाऱ्या शिकंज्यात, फ्लाय देखणी दिसते, डब्यातही नीट बसते. नदीवर पंधरा-वीस वेळा फेकली, एखादा मासा लागून सुटला, की फोमचं अंग हुकच्या दांडीभोवती फिरून जातं. पाठ एकीकडे, हुकचं टोक भलतीकडे आणि रबराचे पाय आभाळाकडे. त्यानंतर मासा वर येतो, ठोकतो आणि रिकाम्या तोंडाने परत जातो.

यावर बहुतेक जण एकच उपाय करतात. पुढची फ्लाय बांधताना धागा आणखी जोरात ओढतात. मग तो फोममध्ये रुततो, फोम अर्धा कापला जातो आणि ती फ्लाय आधीच्यापेक्षा लवकर फिरते. तरी पुन्हा आवळणं चालूच. माझ्या मते हे फिरणं ताण कमी पडल्यामुळे होत नाही. फोमला खाली बसायला नीट जागा दिलेली नसते, म्हणून होतं. धागा फोमला जागेवर धरतो, पण फिरण्यापासून रोखण्याचं काम दुसऱ्याच गोष्टी करतात. त्या गोष्टी कोणत्या, हे इथे जरा सविस्तर लिहितो.

ही फ्लाय मुख्यतः ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी, आणि आपल्याकडे खान्देशात तो नाही, हे उघडच आहे. पाणी २० अंशांच्या वर गेलं की त्या माशाला त्रास व्हायला लागतो, आणि तापी-गिरणेचं पाणी उन्हाळ्यात कुठल्या कुठे जातं. पण धुळे, जळगाव, भुसावळकडची हौशी मंडळी भुसावळहून गाडी पकडतात, दिल्ली किंवा चंदीगड गाठतात आणि तिथून बसने हिमाचलातल्या औटला उतरून तीर्थन खोऱ्यात शिरतात. हिमाचलात ट्राउटचं पाणी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद असतं. म्हणजे नाकतोड्याच्या फ्लायसाठी आपल्या सोयीचा काळ उरतो तो पाऊस ओसरल्यानंतरचा, सप्टेंबर-ऑक्टोबरचा. तेव्हा तिकडच्या उतारांवर गवत वाळायला लागलेलं असतं आणि वाऱ्याने किडे पाण्यात पडत असतात. साहजिकच आपल्याकडे फ्लाय बांधायला बसतात ती श्रावण-भाद्रपदात. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण गोंदाच्या भागात ती पुन्हा येणार आहे.

फोम का, हेही थोडक्यात सांगून टाकतो. तिकडे अमेरिकेत डेव्ह्ज हॉपरसारखे जुने नमुने हरणाच्या केसांवर तरंगत. आपल्याकडे चितळ-सांबराच्या केसांचा विचारही करू नका, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आडवा येतो. आणि फोम तर शाळेच्या प्रोजेक्टचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात मिळतो.

आधी पाहा, फिरलंय काय

धुळ्याहून एका मित्राचा फोन येतो, "भाऊ, मना नाकतोडा तिरपा पोही ऱ्हायना!" मी दरवेळी सांगतो, फोटो वरून नको, समोरून काढून धाड. हुकचा डोळा, म्हणजे दोरी ओवायचं भोक, कॅमेऱ्याकडे हवा.

समोरून पाहिल्यावर दोन शक्यता दिसतात. पहिली अशी की फोमची पाठ आणि हुकचं टोक एकमेकांच्या बरोबर समोर आहेत, पण अख्खी फ्लायच पाण्यावर आडवी किंवा उलटी पडते. हा तोलाचा प्रश्न झाला, त्याचं पुढे थोडक्यात पाहू. दुसरी शक्यता म्हणजे फ्लाय पाण्यावर पोटावर आहे, पाठ वर आहे, पण हुकचं टोक बाजूला वळलंय. तिथे फोम दांडीवर फिरलेला आहे. या दोन तक्रारींचे उपाय वेगळे आहेत. तोलाच्या दुखण्यावर गोंद ओतून काही होत नाही.

फोम फिरलाय अशी खात्री झाली, की तो कुठे सुटला ते शोधायचं. फोमच्या नाकतोड्यात तीन ठिकाणी घसरण होऊ शकते. हुकच्या दांडीची तार आणि तिच्यावर गुंडाळलेला धागा यांच्यामध्ये, हे पहिलं ठिकाण. तो धागा आणि फोमचा खालचा पृष्ठभाग यांच्यामध्ये, हे दुसरं. तिसरं म्हणजे फोम स्वतःच, जिथे धाग्याने तो आतून कापला गेलाय तिथे. बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात.

ओळखायला एक सीडी मार्कर पुरतो. नवीन फ्लाय बांधताना डोळ्यामागे, जिथे धागा उघडा दिसतो तिथे, तारेवरून धाग्यावर आणि धाग्यावरून फोमच्या पुढच्या कडेवर अशी एक सरळ बारीक रेघ ओढा. गोंद वाळला की हुक व्हाइसमध्ये ठेवूनच फोम दोन बोटांत धरून पाव वळसा फिरवा आणि सोडा. रेघ तारेपाशी तुटली तर पहिला सांधा सैल. तार आणि धागा एका रेषेत राहिले आणि फोमवरचा तुकडा बाजूला गेला, तर दुसरा. रेघ अखंड आहे, पण फोमची पाठ तेवढी वळून राहिलीये आणि धाग्याच्या घळीत बारीक चीर दिसते, तर तिसरा. चांगल्या फ्लायमध्ये फोम पिळला जातो आणि सोडल्याबरोबर टुणकन जागेवर परत येतो. ही परत येण्याची चाचणी मी डब्यात जाणाऱ्या प्रत्येक फ्लायवर घेतो. वेळ लागत नाही, आणि खराब फ्लाय टेबलावरच कळते.

तार आणि धागा

हा सांधा सोपा आहे, म्हणून लोक त्याकडे दुर्लक्ष करतात. हुकची तार गुळगुळीत असते, वर लॅकरचा थर. त्यावर धाग्याचे चार विरळ वेढे मारून फोम ठेवला तर सगळा संसारच घसरतो. दांडी डोळ्यापासून बाकापर्यंत, म्हणजे हुक वळतो तिथपर्यंत, एकाला एक लागून वेढ्यांनी भरा, मग त्याच धाग्याने परत येताना मुद्दाम तिरपे, एकमेकांना छेदणारे वेढे द्या. वरचा थर खडबडीत झाला पाहिजे. नखाने चाचपून पाहा. डोक्यावर हंडा ठेवण्याआधी चुंबळ ठेवतात, तेच काम हा थर करतो.

या थरावर फेविक्विकसारख्या पातळ गोंदाचा एकच थेंब सुईच्या टोकाने ओढत न्या. धाग्याने तो पिऊन घेतला पाहिजे, वर मणी राहता कामा नये. धागा मेणाचा असेल तर गोंद कमी पितो, हेही ध्यानात ठेवा.

इथे एक धोक्याची सूचना. मासेमारीची विणलेली दोरी (ब्रेड) किंवा जीएसपी नावाने मिळणारा अतिमजबूत धागा वापरणारे बरेच आहेत, कारण तो तुटत नाही. पण तो पॉलिथिलीनचा असतो, आणि पॉलिथिलीनला सायनोॲक्रिलेट गोंद, म्हणजे आपलं फेविक्विक वगैरे, नीट धरत नाही. शिवाय तो इतका बारीक आणि कडक असतो की फोम सरळ चिरतो. हरणाचे केस फुलवायला तो उत्तम आहे. फोमसाठी साधा नायलॉन किंवा पॉलिएस्टर धागा घ्या, १४० डेनिअरच्या आसपासचा, चपटा होणारा.

धागा आणि फोम

खरी लढाई इथली आहे, आणि दहातल्या आठ फ्लाय इथेच हरतात असं माझं मत आहे.

फोम म्हणजे बंद पेशींमध्ये कोंडलेली हवा. त्यावर धागा आवळला की पेशी दाबल्या जातात आणि बांधताक्षणी फ्लाय घट्ट वाटते. पण दाब तसाच राहिला की त्या पेशींतली हवा हळूहळू निघत जाते, फोम दबलेल्या आकारालाच सरावतो आणि धाग्याला मिळणारा उलटा दाब कमी होतो. उष्णतेत हे आणखी लवकर होतं. म्हणजे रात्री घट्ट असलेली फ्लाय आठवड्याभराने सैल लागते, धागा न सुटता, गाठ न उसवता. तुम्ही कितीही ओढून बांधा, हे होणारच. उलट जितकं जास्त आवळाल तितक्या जास्त पेशी चिरडल्या जातील. म्हणूनच नुसत्या ताणावर विसंबायचं नाही असं म्हणतो.

फोम निवडताना नखाने दाबून पाहा. खूण लगेच भरून आली तर घ्या, नखाची चंद्रकोर तशीच राहिली तर ठेवून द्या. २ मिमी जाडीची ईव्हीए शीट चांगली. चमकी लावलेली नको, आणि मागे स्टिकरचा गोंद असलेली तर अजिबात नको, कारण तो गोंद उन्हात पाघळतो आणि तोच घसरणीचा थर बनतो. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला मऊ पांढरा फोमही नको. तोही पॉलिथिलीनचाच, गोंद धरत नाही, आणि त्याच्या मोठ्या पेशी धाग्याखाली फुटतात.

पट्टीची रुंदी हुकच्या गॅपइतकी, म्हणजे टोक आणि दांडी यांच्यात जेवढं अंतर तेवढी. १० नंबरच्या लांब दांडीच्या हुकला साधारण ५ मिमी. यापेक्षा रुंद पट्टी धागा आवळल्यावर दांडीच्या दोन्ही बाजूंनी खाली लोंबते, आणि पाण्याने किंवा माशाच्या जबड्याने तिला फिरवायला मोठा दांडा मिळतो. अरुंद पट्टी दांडीला मिठीच मारत नाही. फिरणाऱ्या फ्लायमध्ये मला बहुतेक वेळा रुंद पट्टी सापडते, कारण मोठा नाकतोडा म्हणजे मोठा मासा असं सगळ्यांना वाटतं.

आता बैठक. सपाट फोम गोल दांडीवर नुसता ठेवला तर दोघांची गाठ एका रेघेवरच पडते. ती वाढवायची. एक रीत अशी: पट्टीच्या पोटाला लांबीच्या दिशेने, मधोमध, नव्या ब्लेडने १ मिमी खोल चीर द्या. आरपार नाही. दोन पट्ट्या चिकटवून ४ मिमी जाडी केली असेल तर दीड मिमीपर्यंत चालेल. चीर उघडून त्यात दांडी बसते आणि फोमचे दोन ओठ तिला दोन्ही अंगांनी धरतात. त्याहून खोल गेलात तर ओठ गॅपमध्ये उतरतात आणि हुक लागायला जागा राहत नाही.

दुसरी रीत सँडविचची: पोटाला एक पट्टी, पाठीला एक, दांडी दोघींच्या मध्ये. ही सगळ्यांत पक्की. पोटाची पट्टी बाकाकडच्या टोकाला हुकच्या टोकाने भोसकून दांडीवर सरकवून घ्यायची. हुकच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पकडीने दाबलेला हवा, नाहीतर भोक फाटतं. फोम मागच्या बाजूला तारेत ओवलेलाच असल्यामुळे तो शेपटीकडून सरकू शकत नाही. दोन पट्ट्या एकमेकींना चिकटवायला सायनोॲक्रिलेट वापरू नका, अंग लाकडासारखं होतं. चांभाराकडे चपलेच्या तळव्याला लावतात ते सोल्युशन, म्हणजे रबरी काँटॅक्ट गोंद, दोन्ही बाजूंना पातळ फासा. बोटाला ओलं लागेनासं झालं, नुसतं चिकट लागतंय, की मग दाबा. ओलं असतानाच दाबलंत तर आतलं द्रावक फोममध्ये कोंडतं, फोम फुगतो आणि पट्टी वाकडी होते. धीर नसणाऱ्यांनी हे काम चहा ठेवून करावं, चहा होईपर्यंत बरोबर वेळ होते.

मग धाग्याचे वेढे. जागा आधीच ठरवा: डोळ्यामागे एक, मध्ये एक, बाकाच्या आधी एक. या तीन ठिकाणी दांडीवर खालचं डबिंग (धाग्यावर पिळून गुंडाळतात ते लोकरीसारखे तंतू) किंवा चमकी येऊ देऊ नका. पोटाला रंग हवा म्हणून अख्खी दांडी डबिंगने भरायची आणि वर फोम बांधायचा, ही पद्धत दिसायला छान आणि घसरायला त्याहून छान. तीन जागा उघड्या ठेवा, मधल्या भागात हवं ते करा.

वेढा देण्याआधी बॉबिन, म्हणजे धाग्याची रीळ धरणारं हत्यार, हातातून सोडा, लोंबकळू द्या, आणि वरून पाहिलं असता घड्याळाच्या उलट दिशेने गिरकी द्या. उजव्या हाताने बांधणाऱ्याच्या प्रत्येक वेढ्याबरोबर धाग्यात पीळ चढतो. तो असा उतरतो. टेबलाचा दिवा एका बाजूने असला तर स्पष्ट दिसतं: गोल, दोरीसारखा धागा उलगडत जातो आणि त्याची चपटी, चमकणारी फीत होते. दोरी फोम कापते, फीत फोम दाबते. शिंप्याच्या दुकानातला कडक पिळाचा धागा कितीही गिरक्या दिल्या तरी फीत होत नाही, म्हणून तो इथे नको.

पहिले दोन वेढे अगदी हलके, फोमला फक्त स्पर्श करणारे. तिसऱ्याला ताण वाढवत न्या, चौथा-पाचवा त्याच घळीत, त्याहून थोडे घट्ट. ताण देताना बॉबिन सरळ खाली ओढा. आपल्याकडे किंवा पलीकडे ओढली तर बांधतानाच फोम पाच-दहा अंश वळतो, तुम्हाला कळतही नाही, आणि मग लोक म्हणतात माझी फ्लाय डब्यातच फिरली. दुसऱ्या हाताच्या अंगठा-तर्जनीत फोम दोन्ही बाजूंनी धरून ठेवा आणि प्रत्येक दोन वेढ्यांनंतर डोळ्याच्या बाजूने डोकावून पाहा.

एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाताना धागा फोमच्या वरून नेऊ नका. फोम उचला, धागा दांडीवरून दोन-तीन वेढ्यांनी पुढे न्या, फोम परत खाली बसवा. पुढच्या जागी फोम बसण्याआधी दांडीवर गोंदाचा बारीक थेंब. थेंब दांडीवरच, फोमवर नको.

गोंद आणि आपली हवा

सायनोॲक्रिलेट हवेतल्या ओलाव्याने जमतो. एवढं समजलं की खान्देशातल्या निम्म्या तक्रारींचा उलगडा होतो. एप्रिल-मेमध्ये जळगावची दुपार म्हणजे कोरडा फुफाटा. खोलीत ओलावा नसतो, गोंद सांधत नाही, माणूस आणखी ओततो, तो फोममध्ये मुरतो आणि उशिरा जमून कडक पापडी होते. श्रावणात उलट होतं. हवा ओली, थेंब टाकून फोम बसवायच्या आतच वरून जमतो आणि आजूबाजूला पांढरी बुरशीसारखी छटा येते. वरवर चिकटलेलं असतं, आतून नसतं.

उन्हाळ्यात कूलर चालू असलेल्या खोलीत बसा, ओला वारा तिथे मदतच करतो. नाहीतर दांडीच्या धाग्यावर तोंडाची वाफ सोडा, तेवढी पुरते. पावसाळ्यात थेंब टाकल्याबरोबर फोम दाबा, तिथे थांबायला सवड नाही, आणि गोंदाची नळी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा.

गोंद जास्त झाल्याची खूण अशी की धाग्याच्या घळीशेजारचा फोम नखाला टणक लागतो. टणक आणि मऊ यांच्या सीमेवर फोम फाटतो, म्हणजे वर सांगितलेला तिसरा सांधा. एका जागेला एक बारीक थेंब, त्याच्यावर नको. हा लोभ आवरता आला की अर्धं काम झालं.

बांधून झाल्यावर फ्लाय रात्रभर राहू द्या. लगेच फिरवून बघायचा मोह होतो, तो टाळा. दुसऱ्या दिवशी परत येण्याची चाचणी घ्या. आणि डबा गाडीत काचेजवळ ठेवू नका. आपल्या उन्हात बंद गाडीत फोम मऊ पडतो आणि धागा त्यात आणखी रुततो. मग नदीवर पोचेपर्यंत सगळी मेहनत सैल.

आधीच फिरलेल्या फ्लायचं काय

फोम कापला गेला नसेल तर फ्लाय वाचते. पूर्ण सुकवा. ओल्यावर गोंद टाकला तर तो क्षणात पांढरा होऊन भुसभुशीत जमतो, काही उपयोग नाही. फोम बोटाने मूळ जागी वळवा, खालून दाभणाने थोडा उचका, सुईच्या टोकावर पातळ गोंद घेऊन फोम आणि दांडीच्या फटीत सोडा, तीनही जागी, आणि अर्धा मिनिट चिमटीत धरून ठेवा. रात्रभर ठेवा. ही फ्लाय नव्यासारखी होत नाही, पण एक दिवस निभावते.

फोमला धाग्याच्या घळीत चीर पडली असेल तर वेळ घालवू नका. ब्लेडने सगळं सोलून हुक वाचवा.

फ्लाय फिरण्याचं एक कारण बांधणीत नसतंच, हेही सांगायला हवं. मासा लागल्यावर लोक फ्लायचं फोमचं अंग पकडून पिळतात आणि हुक सोडवतात. डब्याच्या फटीतून काढतानाही अंगालाच धरतात. कितीही पक्की बांधा, अशा हातात ती टिकणार नाही. लांब चिमटा हुकच्या बाकाला लावा, तिथूनच सोडवा, तिथूनच डब्यात ठेवा. नवीन माणसाला नदीवर नेताना मी बाकी काही शिकवण्याआधी हे सांगतो.

शेजारच्या तक्रारी

फ्लाय उलटी पडते, पण फोम फिरलेला नाही. मागचे दोन गाठीचे पाय मोजा आणि तोला. एक पाय लांब किंवा गाठ वर-खाली असली की ती बाजू खाली जाते. पाठीवरचा दिसावा म्हणून लावलेला रंगीत फोमचा ठिपका फार मोठा असेल तर तोही अर्धा कापा. हुकची तार फार बारीक असली तर खाली वजन राहत नाही. मोठ्या नाकतोड्याला जरा जाड तारेचा हुक बरा.

लीडरला, म्हणजे मुख्य दोरी आणि फ्लाय यांच्यामधल्या बारीक दोरीला, पीळ बसतो. पंख एका बाजूला झुकलाय किंवा पाय पात्यासारखे फिरतायत. फ्लाय बोटात धरून टिपेटचा, म्हणजे लीडरच्या सगळ्यांत बारीक टोकाचा, ३०-४० सेंमी तुकडा सोडा, फुंकर मारा, फिरते का पाहा. फिरली तर पाय कापून आखूड करा, फार विचार न करता. टिपेट ५एक्सचं असेल तर त्याहून जाड, ४एक्स किंवा ३एक्स लावा. नाकतोड्याला बारीक टिपेटचा अट्टहास कुठला मासा धरत नाही.

मासे वर येऊन चुकतात. आधी गॅप पाहा, फोमचे ओठ खाली आले असतील तर कात्रीने पोट सपाट करा. आणि जरा उशिरा हात उचला. मोठा घास घेणाऱ्या ट्राउटला तोंड मिटायला वेळ द्यावा लागतो.

तासाभराने फ्लाय बुडते. फोम बुडत नाही, खालचं डबिंग पाणी पितं. फडक्यात दाबा, पुन्हा फेका. पुढच्या वेळी डबिंग निम्मं करा.

रबराचे पाय तुटतात. आपल्या उन्हात रबर कडक होऊन तडे जातात, त्यामुळे मागच्या वर्षीची उरलेली रबरी दोरी वापरू नका. सिलिकॉनचे पाय जास्त टिकतात.

घरी कुठे तपासायचं

बादलीत. पाणी भरा, फ्लाय फूटभर उंचीवरून सोडा, वेगवेगळ्या कोनांतून. जमेल तितक्या वेळा पोटावर पडली पाहिजे. मग ओली असतानाच परत येण्याची चाचणी. कोरडी फ्लाय पास आणि ओली नापास, असं बऱ्याचदा होतं, कारण ओल्या धाग्याची पकड वेगळी.

त्यानंतर खरं पाणी. ट्राउट नसला तरी आपल्याकडे पृष्ठभागावर खाणारे मासे आहेत. तिलापिया छोट्या नाकतोड्याला सकाळी बरा प्रतिसाद देतो. शेवाळाच्या कडेला मरळ आहे, ती तर फ्लायची परीक्षाच घेते. तिचे दात आणि तो झटका सहन करून फोम जागेवर राहिला तर तीर्थनच्या फूटभर ब्राउन ट्राउटची चिंता सोडा. धरणावर जाणार असाल तर आधी विचारा, कारण आपल्याकडच्या बहुतेक जलाशयांवर मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. दोन शब्द बोललं की सहसा कुणी अडवत नाही, न विचारता उभं राहिलं की भांडण होतं.

रंगाचंही तिथेच जमवून घ्या. पोळ्याच्या आसपास बांधावरचे नाकतोडे हिरवे असतात, ज्वारीचा रंग बदलायला लागला की तेही वाळक्या गवताच्या रंगाचे दिसतात. हिमाचलातल्या ऑक्टोबरच्या गवतालाही हाच पिवळसर तपकिरी रंग चालतो, त्यामुळे डब्यात तोच जास्त असू द्या, हिरवे थोडे.

परवाना हिमाचलच्या मत्स्य विभागाचा घ्यावा लागतो, तो तिथे पोचल्यावर पहिल्याच दिवशी काढा. कुलूच्या खोऱ्यात ब्राउन ट्राउट १९०९ मध्ये आणून सोडले, काश्मीरमध्ये त्याच्याही काही वर्षं आधी, तेव्हापासून हे पाणी राखीव पद्धतीने चालतं आणि तिथले रखवालदार डबा उघडून पाहतात. काटा दाबलेले हुक त्यांना आवडतात. आपल्याला तसाही फोम भोसकताना तो दाबावाच लागतो.